काचेमागची शेगडी

नाशिकला थंडी आली हे आमच्या घरात सगळ्यात आधी खोबरेल तेलाला कळतं. नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी आई न्हाणीघरातून ओरडते, "थिजलं गं!" आणि बाटली बाल्कनीतल्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन बसते. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गेलं की घट्ट व्हायला लागतं, म्हणजे ते तसं फारच हळवं. खऱ्या थंडीची बातमी त्यानंतर तीनेक आठवड्यांनी येते. "निफाडचा पारा घसरला" असा मथळा असतो, खाली कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा, आणि शेजारी शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो. मला दाट संशय आहे की तो फोटो दर वर्षी तोच असतो, फक्त एखाद-दोन कानटोप्या बदलतात.

गेली दोन वर्षं या दोन खुणांच्या जोडीला तिसरी आली आहे. गाडी सुरू करून कॉलनीच्या बाहेर पडावं तोवर समोरच्या काचेमागे एक पिवळा दिवा लागतो. खाली दातेरी बूड, दोन्ही बाजूंनी वर आलेले काठ, वरून उघडं, आणि मध्ये उद्गारचिन्ह. पुस्तिकेत लिहिलंय की हा टायरचा आडवा छेद आहे. आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुस्तिका वाचलेली नव्हती. ती म्हणाली, "ही शेगडी कसली पेटलीय?"

तेव्हापासून मला तिथे टायर दिसतच नाही. कोळशाची शेगडी दिसते, मधोमध उभी ज्वाळा. थंडीच्या सकाळी, चारही काचा बंद करून, हात मांडीखाली दाबून बसलेल्या दोन बायकांसमोर गाडीने आपणहून शेगडी पेटवावी, यात तिचा हेतू चांगलाच असणार.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही दोघी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला निघालो होतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला पक्ष्यांची नावं लागत नाहीत, तिला ते बघायला लागतात. इंदिरानगरहून साडेपाचला निघालो. द्वारका येईपर्यंत शेगडी पेटली. मी मुकाट्याने वेग कमी केला आणि आडगाव नाक्यावरून संभाजीनगर रोडला लागले. तोंडातून अजून औरंगाबाद रोडच निघतं. वाटेतल्या एका पंपावर हवेची नळी होती, कॉम्प्रेसर होता, हवेचा माणूस नव्हता. "साडेआठला येतो तो," पेट्रोल भरणारा मुलगा म्हणाला. टायरला हवा सगळ्यात जास्त लागते ती पहाटे, आणि हवेचा माणूस येतो ऊन वर आल्यावर. हे जमायचं कसं?

पुढे ट्रक उभे असलेल्या एका जागी थांबले. मी खाली उतरून चारही चाकांकडे आळीपाळीने बघितलं. बघून काय कळणार होतं देव जाणे. हल्लीच्या टायरच्या भिंती अशा असतात की पाच-सात पाउंड कमी असले तरी डोळ्याला फरक दिसत नाही. शेजारी एका दहाचाकी ट्रकचा क्लीनर टॉमी घेऊन चाकांना ठोकत चालला होता. ठक. पुढचं चाक, ठक. मागच्या जोडचाकांना बाहेरून एक ठोका, मग वाकून हात आत घालून आतल्या चाकाला एक. बाहेरचं चाक निदान दिसतं तरी, आतलं अंधारात असतं, त्याची खबर आवाजानेच लागते. भरलेलं चाक टॉमीला उसळी देतं आणि आवाज ताठ येतो. उतरलेलं चाक टॉमी गिळतं, आणि आवाज येतो भद् असा, ओल्या गादीवर काठी मारावी तसा. दहा चाकं, दहा ठोके, मिनिटभराचं काम. त्याच्या गाडीत शेगडी नव्हती आणि त्याची त्याला गरजही नव्हती. मला त्याला विचारायचं होतं, माझी चार ठोकून देतोस का, पण धीर झाला नाही.

पुढे रस्ता सरळ आणि रिकामा. माझ्या गाडीत बाहेरचं तापमान दाखवणारा आकडा आहे. थांबले होते तिथे तो ११ होता. नदीकाठच्या सखल भागात गाडी उतरली की १०, ९, मग ८. थंड हवा जड असते आणि वारा नसला की पाण्यासारखीच उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. एरवी डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट त्या सकाळी धुरामुळे दिसत होती. दोन्ही अंगांना द्राक्षबागा, आणि बागांच्या बांधांवर पेटवलेल्या शेकोट्या. धूर वर जात नव्हता. पुरुषभर उंचीवर जाऊन तिथेच आडवा पसरत होता, जणू वर छत घातलंय. वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असली म्हणजे धुराची अशी कोंडी होते. बागाईतदाराला तेच हवं असतं. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत पारा फार खाली गेला तर मण्यांना तडे जातात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून पहाटे उठून शेकोट्या करायच्या, विहिरीचं पाणी ठिबकने सोडायचं. जमिनीच्या पोटातलं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. आई काचेतून बघत म्हणाली, "बागेला शेगडी, गाडीला शेगडी. आपल्यालाच नाही."

चांदोरीच्या अलीकडे एक पंक्चरवाला उठलेला सापडला. टपरीवर टांगलेला टायर, त्यावर चुन्याने लिहिलेलं "पंक्चर", आणि दारात शेकोटी. शेकोटीत लाकडाबरोबर ट्यूबचे तुकडे जळत होते. त्या धुराचा वास ज्याला माहीत आहे त्याला तो सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगता येणार नाही. मी काच खाली करून म्हटलं, "दादा, दिवा लागलाय हवेचा." त्याने दिव्याकडे बघितलंही नाही. मफलर सारखा केला, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, आधी अंगठ्याने टायर दाबून बघितला आणि मगच गेज लावलं. अठ्ठावीस. दुसरं अठ्ठावीस. मागचं अठ्ठावीस. चौथं सत्तावीस.

"चारी सारखेच उतरलेत ताई. पंक्चर न्हाई. थंडीये."

"पण मी ऑक्टोबरात तेहतीस भरली होती."

"कधी? दुपारची?"

मी आठवून बघितलं. खरंच दुपारची होती.

"आन् गाडी चालवून आली व्हती?"

तेही खरं होतं. मुंबईहून आले होते, घाट चढून, ऑक्टोबर हीटमध्ये, आणि पाथर्डी फाट्याच्या पुढे थांबून हवा भरली होती. त्याने मान हलवली. एखादा अनुभवी डॉक्टर रोग्याचं जेवणखाण ऐकून हलवतो तशी. मग कॉम्प्रेसर चालू केला. "आता पन चाक थोडं तापलंय तुमचं, इथवर आल्यात. दोन पाउंड वर टाकतो." पस्तीस-पस्तीस मारले, व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट फिरवून बुडबुडा येतो का पाहिलं, टोप्या लावल्या, वीस रुपये घेतले. शेगडी पुढच्या दोन किलोमीटरवर विझली. आईला जरा वाईट वाटलं.

नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा एकत्र येतात, त्यांच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून दलदल तयार झाली आहे आणि तिला २०२० साली रामसर पाणथळाचा दर्जा जाहीर झाला. महाराष्ट्रातली ती पहिली. ही माहिती फलकावर आहे. पाण्यावर धुकं होतं, आणि धुक्यात हजारो पक्षी नुसते आवाजाने होते. ऊन आल्यावर ते दिसायला लागले. चक्रवाक, थापट्या, लांब गुलाबी पायांचे शेकाटे. त्यातले बरेच उत्तरेच्या खऱ्या थंडीतून सुटून आमच्या या थंडीला ऊब समजून येतात. दुर्बिणीतून मी त्यांच्याकडे बघत होते आणि डोक्यात घोळत होतं एकच, त्या माणसाने विचारलेलं "दुपारची?".

संध्याकाळी घरी येऊन हिशेब मांडला. शाळेत दाब आणि तापमान यांचा हा नियम गे-लुसॅकच्या नावाने शिकवतात, पण त्याच्या शंभर वर्षं आधी, १७०० च्या आसपास, गियोम आमाँताँ नावाच्या फ्रेंच माणसाने तो प्रयोग करून पाहिला होता. कोंडलेली हवा तापवली की तिचा दाब ठरावीक प्रमाणात वाढतो, थंड केली की त्याच प्रमाणात उतरतो. आमाँताँ लहानपणापासून बहिरा होता. क्लीनरच्या टॉमीचा त्याला काही उपयोग झाला नसता. त्याने पाऱ्याच्या नळीत बघून काम केलं.

नियम सोपा आहे, पण त्यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे तापमान. दुपारचे ३२ अंश पहाटे ८ झाले म्हणजे आपल्याला वाटतं की पाऊण उष्णता गेली. हवेच्या हिशेबात शून्य आपल्या शून्याच्या २७३ अंश खाली आहे. त्यामुळे ३२ म्हणजे ३०५, आणि ८ म्हणजे २८१. पाऊण कुठलं, जेमतेम आठ टक्के गेले. दुसरं म्हणजे दाब. गेज ३३ दाखवतं तेव्हा ते बाहेरच्या हवेच्या वर किती, एवढंच सांगतं. गेज शून्य दाखवतं तेव्हाही टायरमध्ये हवा असतेच, बाहेर आहे तितक्या दाबाची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे बाहेरच्या हवेचा दाब चौदा पाउंडांच्या जरा आत. म्हणजे टायरमधला खरा दाब ३३ नाही, ४७ च्या आसपास. त्याचे आठ टक्के म्हणजे पावणेचार पाउंड. ते मात्र सगळेच्या सगळे गेजवरच्या ३३ मधून वजा होतात. उरतात २९ आणि काही.

आणि हे नुसत्या ऋतूचं झालं. माझं ऑक्टोबरातलं चाक ३२ अंशांवर नव्हतंच. कसारा घाट चढून, तापलेल्या डांबरावरून आलेलं चाक आतून सहज पन्नास अंशांवर असणार. पन्नासला भरलेले ३३ पहाटेच्या आठ अंशांना होतात २७. दोन महिन्यांत चांगल्या टायरमधूनही महिन्याला पाउंडभर हवा रबरातून आपोआप झिरपते, ते दोन. उरले २५. म्हणजे त्या दुपारी मी ३३ भरून घेतले असं जे मला वाटत होतं ते खोटं होतं. मी २७ भरून घेतले होते, वर सहा पाउंड ऊन होतं.

घाटाचीही एक गंमत आहे. ठाण्यात हवा भरून वर आलं तर उंचीमुळे बाहेरचा दाब पाउंडभर कमी होतो, आणि गेजवर टायर तेवढा वाढलेला दिसतो. थंडी पावणेचार घेते आणि घाट एक परत देतो. आमच्या नाशिककरांना मुंबईहून परत येताना घाट चढला की छाती हलकी झाल्यासारखी वाटते, त्याचंही गणित असंच काहीतरी असावं.

दाराच्या चौकटीवर खाली एक छोटं स्टिकर असतं. पुढे किती, मागे किती, माणसं भरलेली असली तर किती. त्यावर बारीक अक्षरात अट असते की हा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे निदान तीन तास उभ्या गाडीचा, किंवा किलोमीटर-दीड किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेल्या. स्टिकर गाडीबरोबर येतं आणि गाडीबरोबर भंगारात जातं, मधल्या काळात ते कुणी वाचत नाही. सातपूरला टायरचा कारखाना, सातपूरलाच मोटारींचा कारखाना, इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी गाडीच्या सुट्या भागांवर पोट भरतं, आणि तरीही सगळं शहर सकाळी दहानंतर, गाडी पंपापर्यंत चालवत नेऊन, हवा भरतं. मीही.

यावर पंपावर नायट्रोजनचा उपाय सांगतात. हिरव्या टोप्या लावून देतात, दर चाकामागे पैसे घेतात, आणि "मॅडम, थंडी-गरमी काही फरक नाही" असं सांगतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तो शुद्ध केला म्हणून आमाँताँचा नियम त्याला माफ होत नाही. तो कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, हे खरं. मी एकदा पैसे दिले आहेत. टोप्या दिसायला छान होत्या.

आणखी एक समज आमच्याकडे पक्का आहे, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण कमी हवेचं चाक चालताना जास्त दुमडतं, दर फेरीला त्याची भिंत वाकते आणि सरळ होते, आणि त्या वाकण्या-सरळण्यातच ते तापतं. समृद्धी महामार्गावर सरळ सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास एका वेगाने पळणाऱ्या गाडीला कमी हवा हीच फुटायची मोठी वाट आहे. म्हणजे हिवाळ्यात उतरलेली हवा तशीच ठेवून जो मार्चमध्ये लग्नाला नागपूरकडे निघतो, त्याचं फक्त नारळ फोडून भागत नाही.

हा दिवा गाड्यांत आला तोच अशा फुटण्यातून. अमेरिकेत १९९० च्या दशकात फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर धावताना फाटून गाड्या उलटायला लागल्या, माणसं गेली, आणि २००० साली तिथे कायदा झाला. त्यातून २००७ च्या सप्टेंबरपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. ठरवून दिलेल्या दाबापेक्षा पाव भाग कमी झाला की दिवा लागलाच पाहिजे. ३३ चा पाव भाग गेला की पंचवीसच्या जरा आत. माझं चाक पहाटे नेमकं त्या उंबऱ्यावर उभं होतं. आपल्याकडे ही सक्ती नाही. २०२० च्या जुलैमध्ये नियमांत एक मोकळीक मात्र आली. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असलं तर स्टेपनी नसली तरी चालेल. स्टेपनीची जागा एका दिव्याने घ्यावी हे आईला अजिबात पटलेलं नाही. "दिवा काय चाक होऊन फिरणारे?"

माझ्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, एक अंगठ्याएवढी डबी आहे. तीत गोल सेल असतो, तो पाच-दहा वर्षं टिकतो, आणि चाक फिरायला लागलं की ती आतला दाब रेडिओने कळवते. पुण्याला माझा धाकटा भाऊ आहे, त्याच्या गाडीत या डब्या नाहीत. त्याची गाडी वेगळ्या युक्तीने ओळखते. हवा कमी झालेलं चाक किंचित बसकं होतं, म्हणून तेवढाच रस्ता कापायला त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. ब्रेकसाठी चाकांचे फेरे मोजणारे सेन्सर असतातच. ते चौघांची तुलना करतात आणि एक जण वेगळा वागला की दिवा लावतात.

मी फोनवर शेगडीची गोष्ट सांगितली तेव्हा भाऊ हसला. म्हणाला, "माझ्यात तीन हिवाळे झाले, एकदाही लागलेला नाही. तुझी गाडी चिडकी आहे." मी म्हटलं, उद्या सकाळी उठून, गाडी न हलवता, गेज लावून बघ. ते घरात होतं, दिवाळीत मीच दिलेलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्याचा मेसेज आला. चार आकडे होते. २६, २६, २६, २६. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

त्याच्या गाडीची काही चूक नव्हती. चारही चाकं एकाच रात्री, एकाच पार्किंगमध्ये, एकाच मापाने उतरत गेली, तर तुलना कुणाशी करणार? चौघांचे फेरे सारखेच. कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. त्या यंत्राच्या लेखी सगळं ठीक चाललंय. पंक्चरवाल्याने "चारी सारखेच" हीच खूण धरून रोग ओळखला होता, आणि भावाच्या गाडीला नेमकी तीच खूण दिसत नव्हती. भाऊ मला दुपारी परत फोन करून म्हणाला, "बाबांना हे दाखवायला पाहिजे होतं."

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आमच्याकडे प्रेस म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, नोटा आणि स्टॅम्प. जेलरोडच्या घरून ते सायकलने जात. पहाटे भोंगा व्हायच्या आत त्यांचं सायकलपूजन चालायचं. हँडल धरून अंगठ्याने पुढचा टायर दाबायचा, मग मागचा. रोज, त्याच वेळी, गाडी हलवायच्या आधी. थंड टायर वगैरे शब्द त्यांनी ऐकले नसतील, पण बरोबर तेच करत होते. हिवाळ्यात अंगठा हमखास जास्त आत जायचा आणि मग पंप निघायचा. लाकडी मुठीचा, पायाखाली पट्ट्या दाबून उभा धरायचा पंप. मी आणि भाऊ त्यासाठी पांघरुणातून उठून येत असू. पंप मारला की त्याचा खालचा भाग, जिथून नळी निघते तो, गरम होतो. दहा-बारा दट्ट्यात हाताला ऊब लागते, वीस झाले की चटका. आम्ही गारठलेले हात तिथे लावून बसायचो आणि बाबांना म्हणायचो, अजून मारा. ते म्हणायचे, "टायर फुटेल रे." पण दोन दट्टे जास्तीचे मारायचे. दाबलेली हवा तापते, हे आमाँताँच्या नियमाचं जवळचंच नातं आहे, आणि ते मला सायन्सच्या वर्गात जायच्या आधी तळहाताने कळलं होतं. पुढे वर्गात कळलं तेव्हा मी ओळखलं नाही.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. पंप माळ्यावर असेल.

आता सकाळी सहाला घरात दुसराच पंप वाजतो. आईच्या दंडाला पट्टा बांधलेला असतो, यंत्र घुंऽऽ करत हवा भरतं, थांबतं, टप्प्याटप्प्याने सोडतं. आई श्वास धरून बसते, जणू परीक्षेला बसली आहे. डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलंय, की रोज एकाच वेळी, उठल्यावर पाच मिनिटं स्वस्थ बसून, चहाच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीला. चालून आल्यावर मोजायचं नाही, भांडण झाल्यावर तर मुळीच नाही. आकडा वहीत लिहायचा. मला तेव्हा तो नुसता डॉक्टरी काटेकोरपणा वाटला होता. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरही वेगळं काही लिहिलेलं नाही.

डिसेंबर-जानेवारीत आईचा आकडा चढतो. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, ऊब आत राखायला, आणि आकसलेल्या नळ्यांतून तेवढंच रक्त ढकलायचं म्हणजे दाब वाढणार. एरवी १३० च्या घरात असते, थंडीत १४८ पर्यंत जाते. म्हणजे एकाच सकाळी, एकाच आठ अंशांना, तिसऱ्या मजल्यावर आईचा दाब वर गेलेला असतो आणि खाली पार्किंगमध्ये गाडीचा खाली आलेला असतो. एकदा सहज तिचा आकडा पाउंडात करून बघितला. १३० मिलिमीटर पारा म्हणजे अडीच पाउंड. ज्या दाबाने माझी गाडी रस्त्यावर उभी राहते त्याच्या तेराव्या हिश्शात ही बाई अठ्ठ्याहत्तर वर्षं चालली आहे. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "अडीच? आणि एवढ्याशासाठी तीन गोळ्या?"

तिला १३० आणि अडीच यांचा मेळ काही केल्या बसेना. तिने मला तीनदा करायला लावला. मग तिला गाडीची काळजी लागली. ती खाली आणि आपण वर, हे तिला बरं वाटलं नाही. कुणी तरी कुणाचं काढून घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला खाली गेले. गाडी रात्रभर हललेली नव्हती. काचेवर दव, टपावर बदामाची दोन लाल पानं. उकिडवं बसून आधी अंगठा लावला, सवय व्हावी म्हणून. रबर दगडासारखं गार होतं आणि अंगठ्याला काही कळलं नाही. व्हॉल्व्हची टोपी काढताना बोटं बधिर. गेज लावलं, फुस्स झालं, काटा थरथरून थांबला. तेहतीस. मागे बत्तीस. पंक्चरवाल्याने वर टाकलेले दोन पाउंड बरोबर जिथे जायचे तिथे गेले होते.

वर आले तर आईच्या दंडाचा पट्टा निघाला होता आणि ती वही उघडून बसली होती. तिच्या वहीत तीन रकाने आहेत, तारीख, वरचा, खालचा. पट्टीने आखलेले. पेन्सिलने तिने चौथा आखला होता.

"किती?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"गाडीचं गं. पुढचं आधी सांग."